कवळीवाल्यांच्या दोन खोल्या

कवळीवाल्यांना किळस फार. हॉटेलात पाण्याचा पेला आधी उजेडात धरून बघायचे. बसच्या दांडीला हात लागला की तो हात घरी येईपर्यंत अंगापासून लांब, उसना आणल्यासारखा धरायचे. शेजारी कुणी मिटक्या मारत जेवायला लागलं की त्यांच्या ताटातलं तसंच राहायचं. आणि अशा माणसानं तीस वर्षं परक्या तोंडांची मापं हाताळून संसार केला. दवाखान्यांतून डब्यात घालून ती रबरी मापं यायची, कधी कडेला रक्त, कधी कालच्या जेवणाचा कण. ते मात्र त्यांना चालायचं. नळाखाली धरायचं, प्लास्टर ओतायचं, मेणात एकेक दात बसवायचा. तोंडाचा मालक समोर नसला की तोंडाचं त्यांना काही वाटायचं नाही.

त्यांची खोली म्हणजे एक लांब टेबल, एक बर्नर, एक घासण्याचं मशीन आणि भिंतीशी फळ्यांवर ओळीनं मांडलेले पांढरे जबडे. हात असा की त्यांनी केलेली कवळी खोटी वाटायची नाही. वरचा डावीकडचा सुळ्याशेजारचा दात ते मुद्दाम केसभर तिरका बसवत. "सगळे दात सरळ असले की माणूस खोटारडा दिसतो," असं म्हणत. हा त्यांचा एकमेव षोक.

त्रेपन्नाव्या वर्षी उजव्या हाताचा अंगठा दुखायला लागला. त्याच सुमारास मोठ्या लॅबनी मशीनं आणली, कॉम्प्युटरवर चित्र काढलं की सकाळी दात तयार. दोन दवाखान्यांनी काम बंद केलं, तिसऱ्यानं भाव पाडला. कवळीवाले घरी गप्प बसायला लागले. बायको टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांशी बोलून बोलून घरी आल्यावर तिला शांतता आवडायची, पण ही शांतता तिलाही खुपायला लागली.

"अहो, काय ते बोला तरी," ती म्हणाली.

"हात गेला तर खायचं काय?" ते म्हणाले.

बायकोचं पेन्शन दूर होतं. बँकेत ठेवलेले पैसे होते, त्यांचं व्याज दरवर्षी आक्रसत होतं. या प्रश्नाला उत्तर घेऊन बायकोचा धाकटा भाऊ आला. मेहुणा विम्याची कामं करायचा, आणि ज्या धंद्यात स्वतः पडला नाही त्या धंद्यातलं त्याला सगळं कळायचं.

"भावोजी, भाड्याची जागा घ्या. भाडं म्हणजे झोपेत येणारा पगार. रविवारी एक व्याख्यान आहे, फुकट आहे, चला माझ्याबरोबर."

व्याख्यान एका हॉटेलच्या हॉलमध्ये होतं. गालिच्याला ओलसर वास, पुढच्या रांगेत निवृत्त लोक वह्या घेऊन बसलेले. स्टेजवरचा माणूस हेडफोनसारखा माइक लावून येरझारा घालत होता. "तुम्ही पैशासाठी काम करता, की पैसा तुमच्यासाठी?" असं तो दर पाच मिनिटांनी विचारायचा आणि लोक शाळेतल्या पोरांसारखे एका सुरात उत्तर द्यायचे. कवळीवाल्यांची नजर त्याच्या दातांवर. वरचे दहाच्या दहा चिनीमातीचे, बेसिनसारखे पांढरे, आणि हसताना खालचे पिवळे मूळचे दिसत. वरच्या मजल्याला रंग आणि तळमजला तसाच, असं त्यांच्या मनात आलं आणि थोडं मळमळलं. पण बाहेर पडताना त्यांच्या खिशात एक पत्रक होतं, आणि डोक्यात एक जागा. मळमळ आणि मोह एकाच वेळी होऊ शकतात हे त्यांना तोवर ठाऊक नव्हतं.

जागा मेहुण्याच्याच ओळखीच्या एजंटनं दाखवली. बाजाराच्या मागच्या गल्लीत चार मजली जुनी इमारत, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकाचा ओटा, एक बाथरूम. जिना चढताना कवळीवाल्यांनी कठड्याला हात लावला नाही. एजंट पुढे, त्याच्या अंगाला अत्तराचा असा भपका की जिन्यातला दुसरा कुठलाच वास नाकापर्यंत पोचू नये.

"आताच रंग दिलाय, साहेब. किल्ली लावा आणि भाडं सुरू."

भिंती फिक्या निळ्या, कोऱ्या. कवळीवाल्यांनी सवयीनं बाथरूमच्या बाजूच्या भिंतीवर तळहात टेकला. भिंत गार होती. नुसती सावलीतली गार नव्हे. तीस वर्षं रोज प्लास्टर हाताळणाऱ्या हाताला सुकलेलं आणि न सुकलेलं यातला फरक झोपेतही कळतो. आत पाणी होतं. हात तिथंच राहिला, एजंट बोलायचा थांबला, त्यानं त्या हाताकडे बघितलं. कवळीवाल्यांनी हात काढून घेतला आणि खिडकी किती मोठी आहे ते बघायला गेले. मनानं त्यांनी ती जागा सकाळीच घेतली होती. आता नको म्हणायचं म्हणजे पुन्हा बँकेचं ते आक्रसणारं व्याज, पुन्हा अंगठा, पुन्हा घरातली शांतता. ते काही बोलले नाहीत. निम्मी रक्कम साठवलेली, निम्मी कर्जानं, अशी जागा झाली.

मग भाडेकरू. एजंटनं तीन माणसं आणली. पहिला रिक्षाच्या टपावरून उतरल्यासारखा धुळीनं माखलेला, किडके दात, बोलताना तोंडावर हात धरायचा. दुसऱ्या बाईच्या दाढा पडलेल्या, गाल आत गेलेले. तिसरा मात्र तिशीचा, स्वच्छ शर्ट, आणि दात असे की कवळीवाले बघतच राहिले. मूळचे, निरोगी, हिरड्या गुलाबी. आयुष्यभर त्यांनी जे मेणात घडवायचा प्रयत्न केला ते या माणसाला फुकट मिळालेलं. जो तोंड इतकं नीट ठेवतो तो खोली कशी ठेवेल, असा त्यांनी हिशोब केला. माणूस कुरिअर कंपनीत सुपरवायझर होता, बायको दोन महिन्यांत येणार होती. करार झाला, डिपॉझिट आलं. घरी येऊन कवळीवाल्यांनी बायकोला त्या दातांचं इतकं वर्णन केलं की ती म्हणाली, "कुणासाठी स्थळ बघून आलात की काय?"

सहा महिने भाडं एक तारखेला येत राहिलं. कवळीवाल्यांची मान ताठ झाली. दवाखान्यांच्या डॉक्टरांशी बोलताना "माझी एक जागा आहे" हे वाक्य कुठून तरी यायचं. दातवाल्याचा (घरात त्याला हेच नाव पडलं होतं) दोनदा फोन आला, बाथरूमचं छत गळतंय म्हणून. पहिल्या वेळी ते निघालेही होते. मेहुण्यानं अडवलं.

"पहिल्या फोनला धावलात ना भावोजी, तर जन्मभर धावाल. 'बघू' म्हणायचं. दहातल्या आठ तक्रारी 'बघू'नंच बऱ्या होतात."

दोन्ही वेळा कवळीवाल्यांनी "बघू" म्हटलं. खरंच काही झालं नाही. त्या जिन्यात जावं लागत नाही याचं त्यांना बरंच वाटलं.

सातव्या महिन्यात एका अनोळखी बाईचा फोन आला. खालच्या, दुसऱ्या मजल्यावर राहणारी, शिवणकाम करणारी. तिनं इमारतीच्या कारकुनाकडून नंबर मिळवला होता.

"तुमच्या वरच्या लोकांचं आंघोळीचं पाणी माझ्या भाताच्या पातेल्यात पडतंय," ती म्हणाली. "आंघोळीचंच आहे अशी मी मनाची समजूत घालते. तुम्ही येऊन वास घ्या आणि मला सांगा."

कवळीवाल्यांनी फोन ठेवला आणि साबणानं हात धुतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दातवाल्याला न सांगता, ते गेले. तिसऱ्या मजल्यावर दार सताड उघडं होतं. दाराशी चपला आणि बूट, सात-आठ जोड, एकमेकांवर चढलेले. आणि वास. घाम, ओल, जळकं तेल, झुरळांचं औषध आणि या सगळ्याच्या तळाशी काहीतरी गोडसर कुजलेलं. कवळीवाल्यांनी रुमाल नाकाला लावला. निळ्या भिंती आता निळ्या नव्हत्या. बाथरूमच्या बाजूनं काळी बुरशी छतापर्यंत चढली होती, आणि खाली गिलाव्याला फोड येऊन ते फुटले होते, खरूज झाल्यासारखे. जमिनीवर पाच गाद्या. तीनवर माणसं तोंडावर कपडा घेऊन झोपलेली, बाकीच्या दोनवर कुणाकुणाच्या अंगाचे आकार उमटलेले. दोरीवर ओले कपडे, त्यांचं पाणी खाली गादीवर टपटपत होतं.

दाराजवळच्या गादीवर साठीचा एक माणूस उठून बसला. अंगावर वॉचमनच्या गणवेशाची पँट आणि वर बनियन. तोंडात दात नव्हते.

"कॉटसाठी आलात?" त्यानं विचारलं. "या. चपला आत घ्या, बाहेरच्या जातात."

कवळीवाल्यांना "नाही, मी मालक" म्हणायचं होतं. रुमालाआडून आवाज आला तो असा: "बघायला आलो."

"बघण्यासारखं काही नाही. पाच गाद्या, आठ माणसं. मी रात्रपाळीचा, सकाळी येतो तेव्हा माझ्या गादीवरचा उठून कामाला जातो. गरमच मिळते." तो बोळक्या तोंडानं हसला. "त्या कोपऱ्यातली रिकामी होणार आहे. पण छताखाली येते. डोक्यावर पातेलं ठेवून झोपावं लागेल."

"पैसे कोणाला द्यायचे?"

"दर शनिवारी तो येतो ना, दातांच्या जाहिरातीत असतो तसा दिसणारा. माणशी घेतो. आधी सांगतो, एक दिवस उशीर झाला की पेटी जिन्यात ठेवतो."

"आणि दुरुस्ती?"

"ती मालकानं करायची. मालक कुणी मोठा डॉक्टर आहे म्हणे, दातांच्या लाइनमधला. दोनदा फोन केला, म्हणाला बघू." म्हाताऱ्यानं छताकडे बोट केलं. "आम्ही सकाळी उठलो की आधी त्याच्या नावानं शिव्या घालतो, मग तोंड धुतो. सवय लागलीय. एकदा चुकून कुणी शिवी घातली नाही तर दिवस नीट जात नाही."

झोपलेल्यांपैकी एक जण कपड्याखालून हसला.

कवळीवाले बाथरूमपर्यंत गेले. आत पाऊल टाकवेना. जमिनीवर घोट्याइतकं राखाडी पाणी, त्यात केस, साबणाचे तुकडे, काहीतरी तरंगणारं. त्यांनी नजर वर उचलली. खिडकीच्या कट्ट्यावर टूथब्रशांची दाटी, आणि तिच्याशेजारी अर्ध्यातून कापलेली पाण्याची बाटली. बाटलीत कवळी. वरचा डावीकडचा, सुळ्याशेजारचा दात केसभर तिरका.

त्यांनी दाराची चौकट धरली. बुरशी लागली हाताला, तीही कळली नाही.

"ती माझी," मागून म्हातारा म्हणाला. "ड्युटीवरच घालतो. तोंड बोळकं दिसलं तर गेटवर कुणी ठेवत नाही, साहेब लोकांना बरं दिसत नाही. वरची ठीक आहे, देखणी आहे. खालची मात्र बसत नाही, हिरडी सोलून निघते. ज्यानं केली ना, त्याला चार दिवस घालायला लावली पाहिजे."

खालच्या अर्ध्याकडे कवळीवाल्यांनी बघितलं. तिसऱ्या दवाखान्याचं काम. भाव पाडल्यानंतरचं. माप वेडंवाकडं आलं होतं, डॉक्टरला फोन करून दुसरं मागवायला हवं होतं. त्यांनी नाही मागवलं. या पैशात एवढंच, असं म्हणून ओतलं होतं प्लास्टर.

जिना उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता.

संध्याकाळी दातवाल्याला एका चहाच्या दुकानात गाठलं. तो शांतपणे हसला. ते दात आता कवळीवाल्यांना बघवेनात.

"काका, भाडं एक तारखेला मिळतं ना? एक दिवस तरी उशीर झाला? मग आत पाच झोपतात की पन्नास, तुम्हाला काय करायचंय?"

"तू म्हणालास बायको येणार आहे."

"लग्न झालं की येईलच की."

कवळीवाल्यांनी चहा तसाच ठेवला. तिथून ते थेट मेहुण्याकडे गेले, जळफळत, त्याच्या गळ्यात हे सगळं मारायला. मेहुण्यानं सगळं ऐकलं आणि टेबलावर थाप मारली.

"भावोजी, लॉटरी आहे ही! तो तुमच्या जागेत तुमच्या अडीचपट कमावतोय. त्याला हाकला आणि हे तुम्हीच करा. लोखंडी दुमजली खाटा टाकल्या तर दहा मावतील."

"अरे, तिथं माणसं गुरांसारखी पडलीयेत."

"मग दुसरीकडे कुठे चांगली पडणारेत?"

कवळीवाले चिडून उठून आले. आणि दुसऱ्या दिवशी कामाच्या टेबलावर, एका सुकत आलेल्या साच्याच्या तळाशी, त्यांनी पेन्सिलीनं दहा गुणिले एका माणसाचे पैसे असा आकडा मांडला. आकडा मोठा होता. कर्जाचा हप्ता जाऊन वर बराच उरत होता. त्यांच्या तोंडाला खरोखरच पाणी सुटलं. जिभेखाली, दोन्ही बाजूंनी, अन्न बघितल्यासारखं. तीस वर्षं तोंडाच्या धंद्यात काढलेल्या माणसाला लाळ कुठून येते हे माहीत असतं. त्यांनी ती गिळली, आणि मग अशी शिसारी आली की बेसिनपर्यंत जावं लागलं. किती वेळ ते वाकून उभे होते. त्या बाथरूममध्ये ओकारी आली नव्हती, ती इथं आली.

तो साचा त्यांनी फोडून टाकला. दवाखान्याला पडला म्हणून सांगितलं.

रात्री जेवताना बायकोला सगळं सांगितलं, साच्याचंही. ती म्हणाली, "तुम्हाला त्या जागेची घाण वाटतेय की स्वतःची, ते आधी ठरवा. जागेची असेल तर फिनेल मिळतं."

दातवाल्याला नोटीस दिली. करारात पोटभाडेकरू ठेवायचे नाहीत असं स्पष्ट होतं, त्यामुळे त्यानं फार ताणलं नाही. डिपॉझिट पुरतं मोजून घेतलं, वर हात मिळवायला पुढे केला. कवळीवाल्यांनी तो घेतला. त्यानं त्या आठ जणांकडूनही एकेक महिन्याचं आगाऊ घेतलेलं होतं आणि ते घेऊनच तो गेला, हे चार दिवसांनी कळलं. घाईघाईनं ब्याद टाळायच्या नादात विचारायचं राहून गेलं होतं.

मग ते प्लंबरला घेऊन वर गेले. म्हातारा वॉचमन जागा होता. त्यानं यांच्याकडे बघितलं, प्लंबरकडे बघितलं, हातातल्या किल्ल्यांकडे बघितलं.

"तुम्हीच मालक?"

"हो."

"एक मिनिट." म्हातारा भिंतीकडे तोंड करून वळला, बाटलीतून कवळी काढली, तोंडात बसवली, खालची बसवताना कळ आली ती दाबली, आणि मग यांच्याकडे वळून उभा राहिला. "बोला, साहेब."

मागच्या खेपेला जो माणूस गादीवरून "या" म्हणाला होता तो आता सरळ उभा होता. कवळीवाल्यांना त्यापेक्षा त्यानं तोंडावर ती रोजची शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं.

प्लंबरनं बाथरूममध्ये डोकावून बघितलं आणि मागं सरला. "आधी हे साफ करा. मी पाइपाचं काम करतो, गटाराचं नाही." सफाईवाला बोलावून आणला, त्यानं जागा बघून आधी दुप्पट पैसे मागितले, मग पळालाच. शेवटी कवळीवाल्यांनी बाजारातून लांब हातमोजे आणले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि स्वतः उतरले. जाळी उचलली तर खाली केसांचा दोरखंड; ओढावा तेवढा येतच राहिला, काळा, बुळबुळीत, त्यात गुंतलेली ब्लेडं, बटणं, कुणाच्या तरी पट्टीचा कापूस. वासानं डोळ्यांतून पाणी आलं. दोनदा खिडकीशी जाऊन श्वास घेतला. तिसऱ्यांदा उठले नाहीत, उलटी झाली ती तिथंच झाली, आणि तीही त्यांनीच काढली. दारात उभं राहून घरी असलेले सगळे बघत होते. कुणी पुढं आलं नाही, आणि का यावं?

पाणी उतरल्यावर प्लंबरनं भिंत फोडली. आतला, वरच्या मजल्याकडून येणारा लोखंडी पाइप हातभर चिरलेला, गंजलेला. त्या चिरेवर कधीकाळी भरलेलं सिमेंट.

"हे जुनं दुखणं आहे," प्लंबर म्हणाला. "वर्षं झाली असतील. वरून रंग फासून विकलंय तुम्हाला."

कवळीवाल्यांनी तिथूनच एजंटला फोन लावला. त्याला जे सुचलं ते सगळं सुनावलं. एजंटनं ऐकून घेतलं. मग म्हणाला:

"साहेब, रागावू नका, पण तुम्ही भिंतीला हात लावून बघितलात की. मी बघत होतो. तुम्ही काही बोलला नाहीत, मला वाटलं तुम्हाला चालतंय."

या सगळ्या प्रकरणात तोंडावर खरं बोलणारा माणूस निघाला तो हा, अत्तरवाला.

पाइप बदलला, गिलावा केला, खालच्या शिवणकामवाल्या बाईचं छत रंगवून दिलं. तिनं आभार मानले नाहीत, दार बंद केलं. आता जागेचं काय? कवळीवाल्यांनी ठरवलं, माणशी नाही, पूर्वीच्याच भाड्यात दोन खोल्या सरळ या लोकांनाच द्यायच्या, पण चारच माणसं. एका बाथरूमला चार ठीक. हे त्यांना फार न्यायाचं वाटलं. त्यांनी आठ जणांना तसं सांगितलं आणि कोण चार ते तुमचं तुम्ही ठरवा, म्हणून बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले.

आतून आवाज वाढले, उतरले. अर्ध्या तासानं एक जण बाहेर आला. चार तरुण, एकाच कारखान्यातले, राहणार होते. बाकीचे महिनाअखेर सोडणार. वॉचमन त्यांत नव्हता.

"ते दिवसा झोपतात, आम्हाला सुट्टीला आवाज करता येत नाही," तो तरुण म्हणाला. "आणि घोरतात."

कवळीवाल्यांना म्हणता आलं असतं, पाच राहा. एक शब्द होता. पण पाच म्हटलं की सहावा विचारणार, मग सातवा, आणि आपण पुन्हा तिथंच. त्यांनी मान हलवली. "बरं," असं ते म्हणाले, आणि त्या "बरं"चा आवाज त्यांना "बघू"सारखाच आला.

म्हाताऱ्यानं भांडण केलं नाही. तो पिशवी भरायला लागला तेव्हा कवळीवाले त्याच्याजवळ गेले.

"खालची कवळी द्या माझ्याकडे. नीट करून देतो. मीच केलीय ती."

म्हाताऱ्यानं मान वर केली.

"तुम्ही?"

"मीच."

"आणि खोलीही तुमचीच."

"हो."

"भारी आहात," म्हातारा म्हणाला. कवळी काढून त्यानं पुसली नाही, धुतली नाही, तशीच, लाळेसकट, यांच्या उघड्या तळहातावर ठेवली. ते मुद्दाम होतं की सवयीनं, हे कवळीवाल्यांना कधी कळलं नाही. त्यांनी मूठ मिटली आणि तशीच मूठ घेऊन बसमधून खोलीवर गेले.

दोन दिवसांत त्यांनी कवळीला आतून नवं अस्तर भरलं, काठ घासले, म्हाताऱ्याला बोलावून तीनदा घालून बघायला लावली. तिसऱ्या वेळी म्हाताऱ्यानं जबडा हलवला, दात दातावर आपटले, आणि मान डोलावली. "आता बसली." कुठे राहता म्हणून यांनी विचारलं. स्टेशनच्या पलीकडे एक गोडाऊन आहे, तिथं चौदा जण आहेत, म्हणाला. जाताना दारात थांबून त्यानं फळ्यांवरचे पांढरे जबडे एकवार बघून घेतले. बिछाना देता आला नाही म्हणून अस्तर दिलं, एवढंच झालं होतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

चौघं तरुण नीट राहिले. भाडं वेळेवर, बाथरूम कोरडं. एक तारखेला कवळीवाले स्वतः जायचे. फोनवर "बघू" म्हणण्यापेक्षा ते बरं. पोरं खुर्ची पुसून द्यायची, पाणी पुढे करायची. ते पाणी त्यांच्या घशाखाली कधी उतरलं नाही. पेला ओठाला लावून परत ठेवायचे, आणि पोरांच्या ते लक्षात यायचं. "मालक आपल्यातलं पीत नाहीत," असं एकदा जिन्यात त्यांच्या कानावर आलं. चढून जाऊन सांगावं, अरे मी कुणाचंच पीत नाही, असं वाटलं. पण त्या घरात भाडं घेणाऱ्यानं सांगितलेलं ते कोण खरं मानणार?

असं वर्ष काढलं. मग पोरांचा कारखाना शहराबाहेर हलला आणि ती गेली. जागा रिकामी झाली त्या आठवड्यात मेहुणा खाटांचं कोटेशन घेऊन हजर. कवळीवाल्यांनी त्याला दारातूनच परतवून लावलं आणि जागा विकायला काढली. आलेल्या प्रत्येकाला ते आधी बाथरूमच्या भिंतीपाशी नेत, पाइप कुठे चिरला होता ते दाखवत. एजंट कपाळाला हात लावायचा. तिघं तिथूनच परत गेले. चौथा शाळेच्या बसचा ड्रायव्हर, स्वतःच राहायला येणारा. त्यानं भाव पाडून मागितला, यांनी दिला. कर्ज फिटून हातात आलं ते घातलं होतं त्याहून कमी होतं. मेहुणा सहा महिने घरी आला नाही. बायकोला त्याचं फारसं काही वाटलं नाही.

ताबा द्यायच्या दिवशी ड्रायव्हरची बायको बादली आणि झाडू घेऊन आली होती. कवळीवाले दाराबाहेर उभे होते, किल्ल्या देऊन निघायच्या घाईत. तिनं ओट्याखाली हात घालून बघितला, फळी हलवून बघितली, कोपऱ्यातला एक खिळा उपटून काढला.

"उन्हाळ्यात ही खोली तापते का हो?" तिनं आतून विचारलं.

"माहीत नाही."

"तुम्ही राहायचात ना इथं?"

"नाही."

"एक दिवस पण नाही?"

"नाही," कवळीवाले म्हणाले.

तिनं वळून त्यांच्याकडे बघितलं, जरा नाक मुरडलं, आणि दोन्ही खोल्यांच्या खिडक्या उघडायला लागली.